खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणतोय, तयारीत काय राहिलंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ८१ वर्षांची. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून अर्धा सांधा बदललाय. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. आत्तापर्यंत स्वतःचं सगळं स्वतः करणारी बाई, आता वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत जाते आणि दमते. घरात ती आणि मी, दोघंच. दिवसा मदतीला एक ताई येतील, रात्री मी एकटा.

डॉक्टरांनी सांगितलंय की काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची. त्यामुळे पलंग उंच करून घेतलाय, कमोडवर बसवायची उंच सीट आणलीय, पायपुसणी आणि जमिनीवरच्या वायरी हलवल्यात. बाथरूममध्ये टॉवेलची दांडी आहे, ती तिला धरायला चालेल का?

खरी अडचण मात्र वेगळी आहे. आईला माझा संकोच वाटतो. हॉस्पिटलमध्ये सिस्टर येईपर्यंत ती अवघडून थांबते, पण मला सांगत नाही. घरी रात्री सिस्टर कुठून आणू? मला न उठवता एकटीच जाईल आणि पुन्हा पडेल, ही धास्ती आहे. कोणी मुलाने आईचं केलं असेल तर कसं निभावलंत, मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टॉवेलच्या दांडीवर अजिबात भिस्त ठेवू नका, ती माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते. धरायचे बार वेगळे मिळतात. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी पक्क्या भिंतीत ठोकून घ्या.

उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, वॉकर उलटतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून जोर द्यायचा, उभं राहिल्यावर वॉकर धरायचा. बसतानाही खुर्ची पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरकायचं, मग हात मागे नेऊन टेकायचे. म्हणजे खुर्ची हातांचीच हवी. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. तुम्ही तिच्या काखेत हात घालून उचलू नका, तिचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातील.

आणि डिस्चार्जच्या आधी तिथल्या फिजिओसमोर तुम्ही स्वतः आईला उठवून, बसवून, चालवून दाखवा. नुसतं बघून हे येत नाही.

प्रतिसाद

मुलाने आईचं केलंय, म्हणून लिहितो. संकोच जात नाही हो, पण त्याला वळसा घालता येतो. रात्री पलंगाला लागून कमोड खुर्ची ठेवा, चाकांची असेल तर चाकं लॉक करून. मग तुमचं काम उभं करून बसवण्यापुरतं. बसवलंत की मांडीवर टॉवेल टाकायचा आणि खोलीबाहेर जायचं. उशाशी रिमोटची बेल ठेवा. आमच्याकडे हाक मारायला आईला लाज वाटायची, बटण मात्र दाबायची. अंघोळ दिवसा ताईंवर सोपवा.

मुख्य म्हणजे हे सगळं तिला न विचारता ठरवून टाकू नका. कोणतं काम मी केलं तर चालेल आणि कोणतं नाही, असं सरळ विचारा. आमच्या आईची 'नको'ची यादी मी धरून चाललो होतो त्यापेक्षा बरीच लहान निघाली. आणि रात्री पाणी पाजणं बंद करू नका, बरेच जण ती चूक करतात. दिवसभरात भरपूर पाजून संध्याकाळनंतर जरा कमी, एवढंच.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. नर्स म्हणून थोडी भर घालते. झोपेतून उठवल्यावर लगेच उभं करू नका. एक-दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवा, एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. टाचा आणि माकडहाड रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर बेडसोअरची सुरुवात समजायची. पोटरी सुजली, दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता इमर्जन्सी.

आणखी एक. आई एकदम असंबद्ध बोलायला लागली, रात्र-दिवस कळेनासा झाला, तर वयाचं खापर फोडून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, वेदनेच्या गोळ्या, कशानेही होतं आणि बहुतेकदा त्यावर उपचार असतो. सगळ्या गोळ्यांची यादी डोससकट लिहून हाताशी ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीबद्दल आईला विचारलं. "पाठ तू पुसलीस तरी चालेल, बाकी बघू" म्हणाली. कमोड खुर्ची आणि बेल दोन्ही आणतोय. आता नवीन घोळ म्हणजे बाथरूमच्या दारातून वॉकर जात नाही, थोडक्यात अडकतो. चौकट फोडायची का?

प्रतिसाद

(पुन्हा फिजिओ.) इतक्यात फोडू नका. दार बिजागऱ्यांवरून काढून पडदा लावा. नुसत्या दाराच्या जाडीएवढी जागा सुटते, तेवढ्यात बऱ्याचदा काम होतं. तरीही नाही गेला तर वॉकर घेऊन आडवं, एकेक पाऊल सरकत आत जायचं असतं, पण ते तिच्या फिजिओकडून शिकल्याशिवाय घरी करून बघू नका. तोपर्यंत दिवसासुद्धा पलंगाजवळची कमोड खुर्चीच वापरा.