आपल्याच मंडळीत सत्य बोलावे, तर कसे?

साष्टीतला (गोवा) वाचक: आमच्या वाड्यावरील कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) फेस्ताचा, म्हणजे वार्षिक सणाचा, मान पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडेच आहे. मिरवणुकीत ओपमूस (मानकऱ्यांचा झगा) घालून पुढे चालणारे सारे त्यांच्यातलेच. इतरांनी वर्गणी द्यायची आणि मागून चालायचे. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे संत पौलाने गलतीकरांस लिहिले आहे; मग हा भेद कुठून आला, असे मी यंदाच्या सभेत विचारले. तेव्हा ‘फेस्ताच्या तोंडावर फूट पाडू नकोस’ असे मला सुनावण्यात आले आणि काही घरांनी बोलणेच टाकले. हा विषय पुन्हा काढणे कर्तव्य ठरेल की हट्ट?

फोंड्याची एक वाचक: प्रश्न रास्त आहे, पण जागा चुकली असे मला वाटते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, आणि तरीही ऐकले नाही तरच मंडळीपुढे जावे. आपण पाद्री विगारांना (गावच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना) आधी भेटला होता का?

राशोल सेमिनरीचा जुना विद्यार्थी: हा क्रम भावाने आपला अपराध केला असेल तेव्हासाठी आहे. इथे अपराध चारचौघांत, दरवर्षी, वाजतगाजत होतो. त्यासाठी गलतीकरांस पत्राचाच दुसरा अध्याय वाचावा. ज्या पेत्राने यरुशलेमच्या न्यायसभेपुढे ‘मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ असे ठणकावले, तोच पेत्र अंत्युखियात, यरुशलेमहून याकोबाकडची यहूदी माणसे येताच, परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) ख्रिस्ती बंधूंच्या पंगतीतून उठला. तुरुंगाला न भ्यालेला माणूस आपल्याच लोकांच्या नाराजीला भ्याला, आणि बर्णबासारखा सज्जनही त्याच्यामागे वाहवत गेला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष अडवले, कारण पंगत सर्वांसमक्ष मोडली होती. मला तर बाहेरच्यांच्या विरोधापेक्षा हे धैर्य अधिक कठीण वाटते. तिथे निदान घरचे पाठीशी असतात.

बाणावलीकर: आमच्या गावच्या संत जुझे वाझ यांचे उदाहरण इथे घ्यावेसे वाटते. १६५१ साली जन्मलेले हे पाद्री १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरले, तेव्हा तिथल्या डच सत्तेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. ते भिकाऱ्याच्या वेशात फिरले, रात्री लपून मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) साजरी केली, आणि तिथल्याच कांडीच्या राज्यात पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैदेतही पडले. पुढे तिथे देवीची साथ आली आणि लोक आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा त्यांनी त्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली. राजाचा विश्वास त्यामुळे दृढ झाला. वेश बदलला, शिकवण मात्र बदलली नाही. म्हणून मला दोन्ही उत्तरे पटतात, फक्त एक जोडतो: ज्यांनी बोलणे टाकले आहे, त्यांच्या घरी आजारपण वा मयत झाली तर आपण सर्वांत आधी जावे. (हे सांगणे सोपे आहे, याची कल्पना आहे.)

साष्टीतला वाचक: सर्वांचा आभारी आहे. पाद्री विगारांना भेटलो नव्हतो. या रविवारी मिस्सेनंतर दोघा शेजाऱ्यांना घेऊन जाईन. मात्र पुढच्या सभेसाठी ‘फेस्ताचा मान वाड्यातील सर्व घरांना पाळीपाळीने मिळावा’ असा ठरावही लेखी देणार आहे, आणि त्यावर सही माझीच पहिली असेल.