काढ्याचा फॉरवर्ड आणि काकांची गोळी

ए-२०४ काका: (फॉरवर्ड) लसूण, आलं, हळद यांचा काढा रोज अनशापोटी. रक्त पातळ, गुठळ्या गायब, गोळ्यांना कायमची सुट्टी!! १० जणांना पाठवा.

बी-५०१ काकू: अय्या, आमच्याकडे पंधरा दिवस हेच चालू आहे.

सी-१०३: काकू, तुमच्याकडच्या काकांना रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू आहे ना?

बी-५०१ काकू: हो, हृदयाची झडप बदलल्यापासून. गोळी नाही हो बंद केली, दोन्ही घेतात.

सी-१०३: तोच तर घोटाळा आहे. माझे बाबा वॉरफरिनवर असताना कोणालाही न सांगता लसणाच्या कॅप्सूल घ्यायचे. एकदा नाकातून रक्त सुरू झालं ते तासभर थांबेना. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, केली तर २.६, म्हणजे अगदी हवा तेवढा.

डी-४०२: मग रक्त का थांबेना?

सी-१०३: वॉरफरिन रक्त गोठवणारी प्रथिनं कमी करते, ते आयएनआरमध्ये दिसतं. लसूण प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, ते त्यात दिसतच नाही. रिपोर्ट छान, आणि रक्त चालूच.

ए-२०४ काका: अगं पण हे नैसर्गिक आहे. केमिकल थोडंच?

सी-१०३: काका, वॉरफरिनचं मूळही चाऱ्यातच आहे 😀 १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. त्यातल्या घटकावरून हे औषध निघालं. आधी उंदरांना घातलं, १९५४ पासून माणसांना.

डी-४०२: म्हणजे भाजीत लसूणसुद्धा बंद?

सी-१०३: नाही हो. फोडणीपुरता चालतो, कपभर काढा आणि कॅप्सूल यांची गोष्ट वेगळी. पालकाचा रस उलटं करतो, त्यातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा जोर कमी करतं. पालेभाजी सोडायची नाही, फक्त एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर काहीच नाही, असं नको.

डी-४०२: माझी अपिक्साबान आहे, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, तिला आयएनआर करावा लागत नाही. सुटलो म्हणायचं?

सी-१०३: कुठले सुटताय! काढ्याने रक्तस्रावाचा धोका तुम्हालाही वाढतो, आणि तुमची तर नेहमीची तपासणीही नसते. उदासीवर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात, ती अपिक्साबान आणि वॉरफरिन दोन्हींचा असर उतरवते. मग गुठळीची भीती.

बी-५०१ काकू: ह्यांच्या दंडावर निळे डाग आलेत गं. मला वाटलं कुठे आपटलं असेल.

सी-१०३: काकू, काढा बंद करा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कृत्रिम झडपेवर गुठळी धरते. डॉक्टरांना आत्ताच फोन करा, काढ्यात काय आणि किती घालता ते सगळं सांगा. शी काळी झाली, लघवीतून रक्त आलं, डोक्याला मार लागला किंवा डोकं एकदम जोरात दुखलं, तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत न्या.

बी-५०१ काकू: लावतेय फोन.

ए-२०४ काका: इथून डिलीट केला. सकाळपासून आणखी चार ग्रुपवर टाकलाय, तिकडे बघतो.