खासदाराचं मूल्यमापन कशावर करायचं, मतदानावर की मांडलेल्या विधेयकांवर?

केदार_प
आमच्या खासदारांचा पाच वर्षांचा कार्य अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, हजेरीचे टक्के, विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा, मांडलेली खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली). दोनदा चाळला. कोणत्या कायद्याला होकार दिला आणि कोणत्याला नकार, यावर एक ओळ नाही. चांगल्या खासदारांना मिळणाऱ्या संसदरत्न पुरस्कारालासुद्धा प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकंच धरतात.

स्वातंत्र्यापासून संसदेत मंजूर झालेली खासगी विधेयकं अवघी १४, शेवटचं १९७० सालचं. मग त्या आकड्याचं एवढं कौतुक कशाला? बाकावर तीन बटणं असतात. हिरवं होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. माझ्या वतीने यातलं कुठलं दाबलं ते मला कळायला हवं. बाकी सगळी सजावट.

मृण्मयी
साफ असहमत. बटण खासदार दाबतो, पण ठरवतो पक्ष. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. तुम्ही मागताय ती यादी पक्षनिहाय छापली तरी पुरेल.

माणूस दिसतो तो खासगी विधेयकात. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं होतं, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न घेण्याचा हक्क. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झालं. २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा मांडलं. हे करायला त्यांना कोणता व्हिप नव्हता.

केदार_प
तरी नोंदीने फरक पडतो. महिला आरक्षण विधेयकाला २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ बाजूने आणि २ विरोधात. त्या दोघांपैकी एक इम्तियाज जलील, म्हणजे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार. ते बरोबर की चूक यावर त्यांच्या मतदारांना त्यांच्याशी भांडता तरी आलं.

मृण्मयी
जलील यांच्या एमआयएमचे तेव्हा लोकसभेत खासदारच दोन होते! पक्षाची भूमिका तीच त्यांची. हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

विनायक_द
तुम्ही दोघं नोंद असतेच असं धरून भांडताय. महिला आरक्षणासारख्या घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथे मतं मोजली जातात. साध्या विधेयकांपैकी बहुतेक आवाजी मतदानाने जातात. होय म्हणणारे ओरडतात, नाही म्हणणारे ओरडतात, पीठासीन अध्यक्ष निर्णय देतात, संपलं. कुणी मतविभाजन (प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं) मागितलं आणि ते दिलं गेलं, तरच नावं छापली जातात.

२० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं अशीच झाली. विरोधक मतविभाजन मागत होते. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते म्हणून ते दिलं नाही, असं सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं. आम्ही शेती करणारी माणसं. ज्या कायद्यांवरून वर्षभर दिल्लीच्या वेशीवर आंदोलन झालं, त्यांना कोण होय म्हणालं याची नावानिशी नोंदच नाही. याचा मला आजही राग येतो.

राजापूरकर
'सजावट' हा शब्द आमच्या भागात कुणी ऐकून घेणार नाही. बॅ. नाथ पै इथले, राजापूरचे खासदार. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा गोलकनाथ निकाल आला, की मूलभूत हक्कांवर गदा आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै विरोधी बाकांवरचे, प्रजा समाजवादी पक्षाचे. संसदेचा तो अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. ते संयुक्त समितीपर्यंत गेलं, मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार मिळाला. तुमच्या १४ च्या हिशेबात त्यांच्या नावापुढे काहीच येत नाही.

(तो अधिकार संसदेला असावा का, हा वेगळा वाद. माझं मत नसावा असंच आहे. पण विधेयकाचं वजन मानावंच लागतं.)

विनायक_द
सगळेच नाथ पै नसतात, दादा. खासगी कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, तेव्हा निम्मे लोक विमानतळाच्या वाटेवर. एका दिवशी तीन-तीन विधेयकं मांडून पुन्हा त्यांच्याकडे न बघणारेही आहेत.

केदार_प
'सजावट' मागे घेतो, नाथ पैंचं मला माहीत नव्हतं. मागणी मात्र मागे घेत नाही. बटणं बसवलेलीच आहेत, तर प्रत्येक विधेयकाच्या शेवटी ती दाबायला लावा.

मृण्मयी
आधी व्हिप सैल करा, मग बटणं मोजा. विश्वासदर्शक ठराव, अर्थविषयक विधेयकं अशा मोजक्या बाबी सोडून खासदाराला मोकळं मत देता यावं, असं विधेयक काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी मांडलं आहे. तेही खासगी विधेयकच. म्हणजे वाट त्याच शुक्रवारची.

केदार_प
मान्य. तोवर मी माझ्यापुरतं करतो. अहवालाच्या मागे कार्यालयाचा पत्ता आहे. महिला आरक्षण आणि वक्फ दुरुस्ती, या दोन्हींवर मतविभाजन झालं होतं. त्यात कुठलं बटण दाबलं आणि का, एवढंच पत्रात विचारतो. उत्तर आलं तर इथे टाकीन.