लोकरीचं जहाज: कापड चुण्या धरतंय

सुईदोरा_लातूर:
एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशी आठवण म्हणून कापडावर लोकरीच्या टाक्यांनी जहाजांची चित्रं भरायचे. त्या पद्धतीचं 12 बाय 16 इंचांचं चित्र सुरू आहे. मांजरपाट, 10 इंची रिंग, चार पदरी लोकर. समुद्राचे आडवे टाके घातले की कापड मधे ओढलं जातं. डोलकाठीच्या दोऱ्या केसाळ दिसतात. चुकतंय कुठं?

टाकेबाज_परभणी:
ताई, मांजरपाट या लोकरीला पेलत नाही. खलाशी बहुतेकदा शिडाच्या जाड कापडावर भरायचे. जाड सुती कॅनव्हास घ्या, आधी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करा. नाहीतर नंतर आटतो. रिंग सोडा, लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी ताणून बसवा. बोटानं टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजलं पाहिजे.

चार पदर सुटे करून दोनच वापरा, एका वेळी हातभर. जास्त लांब घेतली तर कापडातून जाऊन जाऊन झिजते, शेवटचे टाके बारीक पडतात. टाका सेंटीमीटरभरच ठेवा आणि विटांच्या रचनेसारखे सांधे चुकवा. लांब टाका ढिला पडतो, म्हणून हात तो आवळतो, आणि तिथंच चुणी येते.

दोऱ्या लोकरीनं भरूच नका, लोकर ताणते. गोधडीचा जाड सुती दोरा मेणावरून दोनदा ओढा. आकाश, समुद्र, शिडं सगळं भरून झाल्यावर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ताणा आणि जिथं दोऱ्या एकमेकींना छेदतात तिथं बारीक टाक्यानं टाचा. जुन्या चित्रांत लाटा ठोकळेबाज असतात, दोऱ्या मात्र काटेकोर. खलाशाला दोरी न् दोरी पाठ असायची!

शिडं फुगीर हवी असतील तर आत कापसाचा पातळ थर. जास्त भरलात तर उशी दिसते.

जुनंपानं_बीड:
झेंडा जपून. ब्रिटिश आरमाराच्या तुकड्या आधी लाल, पांढरा, निळा असे वेगवेगळे झेंडे लावत. 1864 पासून पांढरा आरमाराला, लाल व्यापारी जहाजांना. 1870 च्या युद्धनौकेवर लाल भरला तर जाणकार लगेच हसेल.

सुईदोरा_लातूर:
जहाजाच्या अंगाला घोंगडीची काळी लोकर चालेल का? रंगाचं भ्या नाही म्हणून.

टाकेबाज_परभणी:
रंगाला लई चांगली, मुळातच काळी असते, सुटत नाही. पण हातानं कातलेला धागा कुठं जाड, कुठं बारीक. कापडातून ओढलात तर तुटेल. वरून अंथरा आणि काळ्या दोऱ्यानं दर 5 मिलिमीटरला टाचा.

जुनंपानं_बीड:
खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला नाही. घोंगडीचा धागा आधी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, धाग्यावर दव धरतं. चित्र फ्रेम करताना काच लोकरीला टेकू देऊ नका, मधे पट्टी घाला.