जुनी डिझेल स्विफ्ट रिमॅप करायची (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची), पण इंजिन खोलायचं नाही. चालेल का?

टिळकवाडीकर
गाडी 2014 ची, 1.3 डिझेल, बेळगावचं केए 22 पासिंग, 1 लाख 30 हजार किलोमीटर. महिन्यातून तीनदा चोर्ला घाटावरून पणजी. जाताना काही नाही, उतारच आहे. येताना गोव्यातलं साखळी गाव सोडलं की चार माणसं आणि डिकीभर नारळ घेऊन गाडी रडते. रिमॅपवाला म्हणतो, टॉर्क (इंजिनचा ओढायचा जोर) 190 न्यूटन मीटरचा 240 करून देतो, पिस्टनला आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडला हात लावायची गरज नाही.
माझं मत : करावं. हेच 1248 सीसीचं इंजिन कंपनीनं अर्टिगात 90 हॉर्सपॉवरला विकलं, आमच्याला 75. म्हणजे आतल्या लोखंडात दम आहे की. विरोध असेल त्यांनी कारण सांगा, नुसतं 'नको' म्हणू नका.

उद्यमबाग लेथवाला
कारण सांगतो. तुम्ही 90 चा आकडा बघितला, त्याच्या शेजारचा नाही बघितला. 90 वाल्याचा टॉर्क 200 आहे. पॉवर 15 नं वाढली, टॉर्क फक्त 10 नं. तेही टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबतो तो) बदलून, व्हेरिएबल जिऑमेट्रीचा, म्हणजे वेगाप्रमाणे पाती वळणारा घालून. कंपनीनं ताकद वरच्या आरपीएमला वाढवली, खाली रॉडवरचा दाब जवळपास तेवढाच ठेवला. तुमचा रिमॅपवाला नेमकं उलटं करतोय. 2000 आरपीएमला 190 म्हणजे 54 हॉर्सपॉवर, 240 म्हणजे 68. पिस्टनच्या डोक्यावर दर स्फोटाला पाव हिस्सा जास्त मार, आणि रॉड तोच.
मागच्या वर्षी एक टर्बो डिझेल आमच्याकडं आली, रिमॅप केलेली. तक्रार काय, तर एक सिलिंडर कमी ओढतोय. हेड उतरवून उंची मोजायला डायल गेज लावला. तीन पिस्टन एका उंचीला, चौथा जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली. पिस्टनच्या एकाच बाजूला चकाकी. रॉड वाकलेला. (पावसात पाण्यात गाडी घालून वाकवतात ते वेगळे, ते एका झटक्यात जातात. हा हळूहळू गेला.) मालक म्हणाला, 'मी कधी शंभरच्या वर पळवली नाही.' तेच तर दुखणं! चौथ्या गिअरला 1500 वर पाय दाबून चढ चढवायचा. तुम्ही पण तेच करणार, गिअर टाकायचा कंटाळा म्हणून तर टॉर्क पाहिजे तुम्हाला.

निपाणी_पासिंग
रॉडपर्यंत जायच्या आधी क्लच जातो ओ. माझा तवंदी घाटात गेला. आरपीएम वर, गाडी जाग्यावर, वास सगळीकडं. बायको अजून ऐकवते.

टिळकवाडीकर
लेथवाले मामा, पटलं अर्धं. पण सगळे रिमॅप असे नसतात. 1800 च्या खाली कंपनीचाच टॉर्क ठेवायचा, 2500 नंतर वाढवायचा, असं सांगून करून घेता येतं. वर ताकद येईल, तुम्ही म्हणता तसंच. रॉड कशाला वाकेल?

उद्यमबाग लेथवाला
मग रॉड वाचेल, पिस्टन भाजेल. वर जास्त डिझेल ओतलं आणि हवा तेवढी नसली तर काळा धूर येतो आणि एक्झॉस्ट तापतो. जुना टर्बो, जुने इंजेक्टर. एक इंजेक्टर नीट फवारा न मारता धार सोडत असला तर पिस्टनला वितळून खड्डा पडतो. एक लाख तीस हजारात इंजेक्टर तपासलेत कधी?

कॅम्पातला वकील
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 च्या दुरुस्तीतलं 182 ए पण वाचा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड राहू दे, अपघात झाला आणि विम्याच्या सर्वेअरला कळलं तर क्लेमचं काय?

निपाणी_पासिंग
वकीलसाहेब, हायवेवर काळा धूर सोडत जाणारे ट्रक कोण थांबवतंय ते सांगा आधी.

टिळकवाडीकर
इंजेक्टर नाही तपासले, खोटं कशाला बोलू. आधी ते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून घेतो. क्लच तसाही संपत आलाय. ऑइल दहा हजारऐवजी सात हजार किलोमीटरला बदलतो. एवढं करून रिमॅपचा टॉर्क 215 च्या वर जाऊ देणार नाही. मामा, तरी नकोच म्हणता?

उद्यमबाग लेथवाला
नकोच. इंजेक्टर झाले, क्लच झाला की आधी तशीच एकदा पणजीला जाऊन ये, चढाला तिसऱ्यात ठेवून. आणि नारळ इथं पण मिळतात की रे.