वाडा मोबाईलने मारला म्हणता, मग त्या वाड्यात कोण कोण होतं तेही सांगा

सत्तरीची सून

काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं : "व्हॉट्सअ‍ॅपने गोव्याचा वाडा, म्हणजे गावातली आपली वस्ती, मारला. पूर्वी चवथीला तीस-चाळीस माणसं घुमट, शामेळ ही कातड्याची तालवाद्यं आणि कासाळें म्हणजे झांजा घेऊन घरोघर आरतीला जायची. आता गणपतीचा फोटो ग्रुपवर टाकला की झालं." खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मी रात्रभर गप्प राहिले, आता राहवत नाही.

मी २००३ साली लग्न होऊन सत्तरी तालुक्यातल्या या गावात आले. पहिल्या चवथीला ती तीस-चाळीस माणसांची आरती मी ऐकली ती स्वयंपाकघरातून. समोर कढई, नेवऱ्या तळायला टाकलेल्या, आणि दारातून कुणीतरी विचारलं, "चहा किती जणांना पुरेल?" तेवढंच माझ्याशी बोलणं झालं. माणसं पुढच्या घरी गेली तेव्हा मी बाहेर आले. सोप्यावर उष्टे कप होते, गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली अक्षता सांडल्या होत्या. घुमट कसं दिसतं ते मी चौथ्या वर्षी पाहिलं. तिसऱ्या घरातल्या बाईचं नाव मला दहा वर्षं माहीत नव्हतं. ती अमक्याची सून, मी तमक्याची. नळाला पाणी कधी सोडायचं हे देवळाच्या सभामंडपात ठरायचं, आणि ठरवणाऱ्यांतल्या एकानेही कधी कळशी उचललेली नव्हती.

वाड्याचा ग्रुप झाला आणि पहिल्यांदा मला कुणी नावाने हाक मारली. पाण्याचा अर्ज आम्ही बायकांनी ग्रुपवर लिहिला, सह्या घेतल्या, ग्रामसभेत वाचला.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदीचं पाणी चढलं. ग्रुपवर ओळ आली : "गोठ्यात पाणी शिरलं असं शेजारीण सांगते, आई घरात एकटी आहे." लिहिणारी मुलगी पणजीत नोकरीला. म्हातारीला चालता येत नव्हतं. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन तिला वर आणलं. खुर्चीचा एक पाय माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर होता, पाठीवरचा वळ आठवडाभर गेला नाही. गावपण मेलं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, हे काय होतं?

निवृत्त मास्तर, फोंडा

ताई, काल लिहिणारा मीच. तुमच्या स्वयंपाकघराबद्दल वाद घालणार नाही, ते खरं आहे. पण तुम्ही माझा मुद्दा सोडून दुसऱ्याच मुद्द्याला उत्तर दिलंत.

आमच्या वाड्यावर दोन सख्खे भाऊ होते. भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, वाटणीवरून कोर्टात. अठरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. पण आरतीचा क्रम ठरलेला : वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत, एकही घर वगळायचं नाही. थोरल्याच्या घरी आरती असली की धाकटा घुमटावर, कारण त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. थोरला कासाळें वाजवायचा. बोलायचे नाहीत, पण ताल एकच धरायचे. मी स्वतः शामेळावर असायचो, दोघांच्या मधे. थोरला गेला तेव्हा धाकट्याने खांदा दिला. मला विचाराल तर तो त्या आरत्यांमुळेच दिला.

आता त्यांचे मुलगे. एकाने दुसऱ्याला ब्लॉक केलंय. ग्रुपवर एक लिहितो तेव्हा दुसरा गप्प. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याही दारात वर्षातून एकदा उभं राहावं लागायचं, ती सक्ती गेली. मी रडतो ते त्या सक्तीसाठी.

आणि चळवळीचं म्हणाल तर २००६ च्या अखेरीस गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये गोव्याच्या जमिनींचा वापर ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला मागे घ्यावा लागला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप जन्मलंही नव्हतं.

सत्तरीची सून

मास्तर, सत्तरीतच मेळावली गाव आहे. गावकऱ्यांनी विरोध केला म्हणून जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीची जागा सरकारला तिथून हलवावी लागली. तिथल्या बायकांचे व्हिडिओ घरोघरी मोबाईलवर पोचले म्हणून बाकीचा गोवा हलला.

निवृत्त मास्तर, फोंडा

हलला, पण नंतर. आधी त्या बायका स्वतः रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांना एकमेकींना ओळखायला मोबाईल लागला नव्हता.

मुंडकाराचा नातू, पेडणे

दोघांचंही वाचलं. मास्तर, "वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत, एकही घर वगळायचं नाही" असं तुम्ही लिहिलंत. आमच्या गावात वरचं घर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. आम्ही त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारे, मुंडकार. त्याच्या सोप्यावर आरतीला माझा आजोबा जायचा, पण सोप्याच्या खाली, अंगणात उभा राहायचा. पावसात सुद्धा. आमच्या घरी आरती यायची ती सगळ्यात शेवटी, रात्री एकनंतर, आणि तोवर अर्धी माणसं घरी गेलेली असायची. मुंडकार कायदा १९७५ चा, पण आमच्या घराखालच्या जमिनीचा कागद अजून मामलेदाराकडे. तुम्हाला ज्या गावपणाची आठवण येते त्याचा पावसाळा आम्ही अंगणात काढलाय.

आणि ताई, ग्रुपचंही सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपची मर्यादा २५६ होती. आमच्या गावचा ग्रुप भरला. तेव्हा कुणाला बाहेर ठेवलं असेल? आमच्या वाड्याची अठरा घरं "ग्रुप २" मध्ये. ठरायचं पहिल्यात, कळायचं दुसऱ्यात. जत्रेच्या नाटकाची वर्गणी मात्र दोन्ही ग्रुपवर एकाच मिनिटाला मागायचे. २०२२ मध्ये मर्यादा १०२४ झाली. दोन्ही ग्रुप मिळून चारशे माणसं होत नाहीत. तरी ते एक झालेले नाहीत. मी दोनदा विचारलं, अ‍ॅडमिनने उत्तर दिलं नाही.

तारवटी

मी बोटीवर असतो. गेली सात वर्षं चवथ मोबाईलवर. बोटीवर नेटवर्क लागलं की आधी वाड्याचा ग्रुप उघडतो, घरचा नंतर, कारण घरचे मला काळजी नको म्हणून खोटं सांगतात. बाबांना हॉस्पिटलात नेलं ते मला शेजाऱ्याच्या मेसेजवरून कळलं. मास्तरांना हे बंद करायचं असेल तर आमचंही काहीतरी बघावं.

म्हार्दोळचा भजनी

मास्तरांशी मी शंभर टक्के सहमत, आणि माझा अनुभव ऐका.

माझी आते गेली. सकाळी साडेसहाला गावच्या ग्रुपवर बातमी टाकली, मराठीत, जशी पेपरात देतो तशी. सातव्या मेसेजला एकाने विचारलं, "गोंयांत रावून मराठींत कित्याक?" झालं. दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल काढला, चौथ्याने कोकणीच्या लिपीचा वाद काढला. दोन तासांत दीडशेच्या वर मेसेज. आतेची बातमी वर कुठे गेली ते बोटाने शोधून सापडेना. अकराला नेलं. तिरडीला शेजारच्या गावची माणसं हात लावत होती. आमच्याच वाड्यातले सहाजण संध्याकाळी आले आणि म्हणाले, आम्ही भाषेचंच वाचत होतो, मयत कळलंच नाही.

पूर्वी अशा वेळी एक माणूस घरोघर चालत जायचा. उंबऱ्याच्या आत यायचा नाही, पाणी घ्यायचा नाही, सांगायचा आणि पुढे जायचा. तो माणूस चुकत नव्हता.

आणि मराठीत का, याचं उत्तर : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभंग मराठीत गातो, म्हणून.

काणकोणकार

आतेबद्दल वाईट वाटलं. पण दोष एकट्या "कित्याक" विचारणाऱ्यावर ढकलू नका. आते तुमच्याशी आयुष्यभर कोकणीत बोलली ना? १९८७ पासून कोकणी राजभाषा आहे. मेल्यावर तिची भाषा का बदलता?

म्हार्दोळचा भजनी

त्याच कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा आहे, ते वाक्य तुम्ही लोक नेहमी गाळता. आणि हा प्रतिसाद तुम्ही कुठल्या भाषेत लिहिलात?

काणकोणकार

मराठीत, कारण शाळेत मला तीच शिकवली. कोकणी लिहायला मला कुणी शिकवलंच नाही. माझी मुलगी ग्रुपवर कोकणी रोमन अक्षरांत लिहिते, आजीला ते वाचता येत नाही. हे माझं दुखणं आहे. "तुम्ही लोक" म्हणू नका.

निवृत्त मास्तर, फोंडा

रोमन अक्षरांचा प्रश्न मराठीतही आहे. माझे जुने विद्यार्थी मला "namaskar sir" लिहितात. बत्तीस वर्षं मी त्यांच्याकडून ऱ्हस्व-दीर्घ गिरवून घेतलं. मोबाईलवर देवनागरी कळफलक फुकट आहे, तो लावायला दोन मिनिटं लागतात...

म्हार्दोळचा भजनी

मास्तर, त्यांना उपदेश करा. गावच्या बातम्या मराठीतच याव्यात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मला फक्त

काणकोणकार

म्हटलंय. वर जाऊन वाचा. "आम्ही" म्हणजे कोण? मी पण भजनाला बसतो. मडगावच्या दिंडीत रात्रभर जागलोय. अभंग तुमच्या एकट्याच्या मालकीचे नाहीत.

सत्तरीची सून

पुरे. भजनीबाब, तुमच्या आतेची बातमी त्या दिवशी जशी बुडाली तशीच आज इथे बुडाली, आणि तुम्ही स्वतः ती बुडवायला मदत केलीत. काणकोणकार, तुम्हीही. पेडण्याच्या भावाने अठरा घरांचं लिहिलं, त्याला एकानेही उत्तर दिलेलं नाही. मीही दिलं नाही, भाषेचंच वाचत बसले.

आता देते. आमच्या ग्रुपवर कोण नाही, ते मी आज दुपारी मोजलं. धनगरवाड्यावरची सहा घरं नाहीत. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं. मी अ‍ॅडमिन आहे.

मास्तर, ब्लॉक केलेल्या चुलत भावांचं तुम्ही लिहिलंत ते मला खोडता येत नाही. माझ्या जावेचे मेसेज मी दोन वर्षं म्यूट केलेत. समोर आली असती तर दोन वर्षं तोंड फिरवणं जमलं नसतं. एवढंच मान्य. पण घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, बकऱ्याचं आलं. आवाज बदलला असं जुने वाजवणारे म्हणतात. म्हणून तुम्ही आरती सोडलीत का?

निवृत्त मास्तर, फोंडा

सोडली नाही. पण कातडं बदललं तरी हात माणसाचाच राहिला. ग्रुपवर आरतीची रेकॉर्डिंग टाकतात, त्यात हात नाही.

१६ मे २०२१ चं सांगतो. तौक्ते वादळात झाडं पडली, आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, सगळ्यांचे मोबाईल मेलेले. आमच्या रस्त्यावर आंब्याचं झाड आडवं. ते तोडायला कोण आलं? ज्यांच्या घरी आरतीला जातो तेच. कोयते घेऊन, न सांगता. नव्या बिल्डिंगीतले, जे ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभात टाकतात, ते गॅलरीतून बघत होते.

तारवटी

त्या बिल्डिंगीतल्यांना कुणी कधी आरतीला बोलावलं होतं का?

निवृत्त मास्तर, फोंडा

नाही. भाड्याने राहणारे, म्हणून राहिलं.

मुंडकाराचा नातू, पेडणे

तेच मी म्हणतोय. मोबाईल असो नाहीतर घुमट, यादी करणारे हात तेच.

निवृत्त मास्तर, फोंडा

मला हे पटायला जड जातंय. तुमच्या आजोबांचं वाचून मी उठून अंगणात जाऊन आलो. आमच्या वाड्यावर कोण सोप्याखाली उभा राहायचा, ते मी आठवत होतो. दोन नावं आठवली. मी सोप्यावर होतो, शामेळावर.

ताई, तुमच्या गावात बायका घुमट वाजवतात का? कला स्पर्धांत बायकांची आरतीपथकं मी पाहिली आहेत, वाड्यावर घरोघर जाताना पाहिलेली नाहीत.

सत्तरीची सून

गेल्या वर्षीपासून आम्ही सातजणी. घुमटं तीन. शामेळ नाही, स्टीलच्या डब्यावर काम चालवतो. घरोघर अजून गेलेलो नाही, देवळातच वाजवतो. या चवथीला जायचं ठरवलंय, सुरुवात धनगरवाड्यापासून. सासूबाई म्हणतात, मग नेवऱ्या कोण तळणार. नवऱ्याला विचारलंय.

निवृत्त मास्तर, फोंडा

माझं शामेळ पडून आहे, खांदा दुखतो म्हणून हल्ली वाजवत नाही. वादी नवीन घालावी लागेल. फोंड्याला येणार असाल तर आधी कळवा. फोन करा, मेसेज मी बघत नाही.

मुंडकाराचा नातू, पेडणे

ग्रुप एक करा म्हणून आज तिसऱ्यांदा विचारलंय. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.