शब्दचर्चा: ‘केअर प्रोसीडिंग्ज’ला मराठीत काय म्हणाल?

पारिजातक: इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या जोडप्याला तिथल्या कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं, पत्र आलंय. नवऱ्याचं इंग्रजी कामापुरतं आहे, बायकोला सगळं मराठीतूनच सांगावं लागतं. पत्रात ‘केअर प्रोसीडिंग्ज’ आहे, ‘सिग्निफिकंट हार्म’ आहे आणि ताबडतोब सॉलिसिटर (वकील) गाठा असंही लिहिलंय. ‘मुलाच्या ताब्याचा खटला’ म्हणून सांगू का? मन घेत नाहीये.

टवाळ: यंत्राला विचारलं. ‘काळजी कार्यवाही’ म्हणालं. आता मलाच काळजी वाटतेय.

गोदाकाठ: ‘संगोपन कार्यवाही’?

बालसदन: संगोपन नको. महाराष्ट्रात ‘बाल संगोपन’ म्हटलं की योजनेचं मासिक अनुदान आठवतं. ऐकणाऱ्या बाईला वाटेल, सरकार पैसे द्यायला निघालंय.

दुभाषी: पारिजातकताई, ‘ताबा’ तर अजिबात नको. ताब्याचं भांडण नवरा-बायकोत होतं, एकाकडून दुसऱ्याकडे. इथे अर्जदार कौन्सिल असतं आणि आई-बाप दोघंही समोरच्या बाजूला. ‘ताबा’ ऐकल्यावर बाई पहिल्यांदा नवऱ्याकडे संशयाने बघते, मी पाहिलंय. ‘बालसंरक्षण खटला’ही टाळा, कारण ‘चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅन’ ही तिथे कोर्टाबाहेरची वेगळी पायरी आहे आणि दोन्हींची सरमिसळ होते.

मी शब्द ‘केअर प्रोसीडिंग्ज’ असाच ठेवते आणि एकदा फोड करून सांगते: ‘मुलाला घरात गंभीर अपाय होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं म्हणून कौन्सिलने फॅमिली कोर्टात केलेला अर्ज.’ १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टचं कलम ३१. निकाल २६ आठवड्यांत लागावा अशी अपेक्षा असते. पुढे तिला तोच इंग्रजी शब्द सॉलिसिटरकडून, कोर्टातल्या कारकुनाकडून, सोशल वर्करकडून ऐकायचाय. आपण घडवलेला सुंदर शब्द तिथे कोणी उच्चारणार नाही.

आणि पत्र नीट वाचा. कोर्टात जाण्याआधीच्या बैठकीचं असेल तर अर्ज अजून झालेला नाही. तिथे काय कबूल करायचं, काय नाही, हे वकिलाला विचारूनच.

गोदाकाठ: पटलं. पण ‘हार्म’ला ‘अपाय’ का? ‘इजा’ सोपा आहे की.

दुभाषी: ‘इजा’ म्हटलं की आई म्हणते, मी कधी हात उगारला नाही. खरंच उगारला नसेल. पण त्या कायद्यातल्या ‘हार्म’मध्ये दुर्लक्ष येतं, वाढ खुंटणं येतं, घरात दुसऱ्याला होणारी मारहाण मुलाने बघणं-ऐकणंही येतं. ‘लक्षणीय हानी’ तर नकोच, आपल्याकडे लक्षणीय यश असतं.

पारिजातक: आणि ‘लीगल एड’? वकिलाची फी कुठून आणायची म्हणून ते थांबलेत.

दुभाषी: हे आधी सांगायला हवं होतंत! ‘कायदेशीर मदत’ म्हणून थांबू नका, ‘सरकारी खर्चाने, मोफत वकील’ म्हणा. तिथे बहुतेक प्रकरणांत लीगल एडसाठी उत्पन्न बघतात, केसमध्ये दम आहे का तेही बघतात. कलम ३१च्या अर्जात मात्र आई-बापांसाठी दोन्ही बघत नाहीत. बैठकीच्या पत्रावरही सल्ला मोफत मिळतो, पत्र सोबत न्यायचं. लॉ सोसायटीची (तिथल्या सॉलिसिटरांची संघटना) ‘चिल्ड्रन लॉ’ मान्यता असलेला सॉलिसिटर शोधा. घर विकत घेताना ज्याने कागद केले तो नको.

दोघांचं म्हणणं वेगळं असेल तर दोघांना वेगळे सॉलिसिटर मिळतात. बायकोसाठी नवऱ्याने दुभाषा होऊ नये, सॉलिसिटरकडे स्वतंत्र दुभाषा मागायचा.

बालसदन: आपल्याकडे उलटं आहे, शब्द आहेत पण लोकांना माहीत नाहीत. २०१५च्या बाल न्याय कायद्यात ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ असा लांबलचक शब्दप्रयोग आहे. अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य. पालक हात जोडून उभे राहतात, वकील मिळू शकतो हेच ठाऊक नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. १९८७च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बापाला मात्र उत्पन्नमर्यादेत किंवा अनुसूचित जाती-जमातींसारख्या ठरलेल्या गटात बसावं लागतं. पण ‘विधी सेवा’ म्हटल्यावर अर्ध्या लोकांना धार्मिक विधी वाटतो, काय करणार.

टवाळ: मलाही तेच वाटलं होतं. गंमत नाही करत.

पारिजातक: नवऱ्याशी बोलले, उद्या सॉलिसिटरकडे जाताहेत. आणखी एक: सोशल वर्करने ‘सेक्शन २०’च्या कागदावर सही मागितलीय, ‘अकॉमोडेशन’साठी. राहण्याची सोय ना?

दुभाषी: सही थांबवा! ‘राहण्याची सोय’ म्हटलं की हॉस्टेल वाटतं. त्याचा अर्थ ‘आई-बापांच्या संमतीने मूल कौन्सिलच्या देखभालीत ठेवणं’. संमती हाच त्यातला जीव. इंग्लंडमध्ये ती कधीही मागे घेता येते, आगाऊ नोटिशीची अट कायद्यात नाही. मात्र ती मागे घेतली तर कौन्सिल कोर्टात धावू शकतं. सॉलिसिटरने कागद वाचल्याशिवाय सही नाही.

गोदाकाठ: केअर ऑर्डर, म्हणजे मूल कौन्सिलच्या देखभालीत देण्याचा कोर्टाचा आदेश, झालीच तर आई-बापांचं काय उरतं? ‘पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी’ काढून घेतात?

दुभाषी: काढून घेत नाहीत. कौन्सिलला तीच जबाबदारी मिळते आणि आई-बापांनी ती किती वापरायची हे कौन्सिल ठरवू शकतं. पूर्ण संपते ती दत्तक आदेशाने. नुसतं ‘जबाबदारी’ म्हणू नका, ओझं वाटतं. मी ‘पालकत्वाचा हक्क आणि जबाबदारी’ म्हणते.

आणि ‘चिल्ड्रन्स गार्डियन’ला ‘पालक’ कधीच म्हणू नका. ती कॅफकास या संस्थेची व्यक्ती, मुलाशी बोलते, मुलासाठी सॉलिसिटर नेमते, मुलाच्या हिताचं काय ते कोर्टाला सांगते. ‘कोर्टाने मुलाला पालक नेमलाय’ असं ऐकून एक आई खुर्चीतून उठून निघाली होती.